वसंतातलं पक्षिनिरीक्षण: आधी झाड, मग कान, मग डोळा

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: "सकाळी दोन तास टेकडी तुडवली, पण कावळे आणि साळुंक्या सोडून काही दिसलंच नाही." तक्रार करणाऱ्यांचे कष्ट खरे असतात आणि पक्षीही तिथेच असतात. चुकतो तो क्रम. निघायला उशीर होतो, चालणं फार होतं, आणि पक्षी दिसला की सगळ्यात आधी रंग पाहिला जातो, जो सगळ्यात शेवटी पाहायचा असतो.

पुढचा क्रम पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातला वसंत डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत तो उपयोगी पडेल. विदर्भ-मराठवाड्यात झाडं थोडी बदलतात, पण पद्धत तीच राहते.

## १. आठवडाभर आधी झाडं हेरून ठेवा

या दिवसांत पक्षी शोधायचे नसतात, फुललेलं झाड शोधायचं असतं. काटेसावर, पांगारा आणि पळस ही तिन्ही झाडं फुलतात तेव्हा बहुतेक निष्पर्ण असतात. पानांचा आडोसा नाही आणि फुलांत मध भरपूर, म्हणजे नवशिक्यासाठी याहून सोपी जागा नाही. साळुंक्या, भांगपाडी मैना, भोरड्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, पोपट, टकाचोर, चष्मेवाला आणि तांबट एकाच सकाळी एकाच झाडावर येऊन जाऊ शकतात.

संध्याकाळच्या फेरीत घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या परिसरातली अशी चार-पाच झाडं नोंदवून ठेवा. प्रत्येक झाडाबाबत तीन गोष्टी लिहा:

- किती फुललं आहे. नुसत्या कळ्या असतील तर आठवड्याने या. खाली फुलांचा सडा आणि फांद्यांवर बोंडं दिसत असतील तर उशीर झाला.
- झाडाच्या पूर्वेला १५ ते २० मीटरवर उभं राहायला जागा आहे का. सकाळी सूर्य पाठीशी हवा.
- जवळ पिकलेला उंबर, वड किंवा पिंपळ आहे का. फुलं संपली तरी फळांवर हरियाल, तांबट आणि बुलबुल येत राहतात. हरियाल हा आपला राज्यपक्षी, पण पानांत इतका मिसळतो की खाली पडणाऱ्या फळांवरूनच तो वर असल्याचं कळतं.

सावध: उंच सावरीवर आणि वडावर आग्या मोहोळ असू शकतं. झाड हेरतानाच फांद्यांच्या खालच्या बाजू दुर्बिणीने तपासा. मोहोळ दिसलं तर ते झाड यादीतून काढून टाका. अशा झाडाखाली धूर, अत्तर आणि दगड मारणारी मुलं, तिन्ही धोक्याची.

## २. दुर्बीण तुमच्या डोळ्यांना जुळवा

दुर्बीण घेऊनही "धूसर दिसतं", "डोकं दुखतं" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती कधी जुळवलेलीच नसते. हे काम घरी करायचं, झाडाखाली नाही.

सुरुवातीला ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १०× मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो. फांदीवरून फांदीवर उडणारा शिंजीर मग सापडतच नाही. बागेसाठी घेत असाल तर दोन-तीन मीटरवरची वस्तूही स्पष्ट दिसते ना, हे दुकानातच पाहून घ्या.

जुळवायचा क्रम असा:

1. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबा किंवा फिरवून खाली करा. चष्मा नसेल तर बाहेर काढा. उलटं केलं की कडेला काळी सावली दिसते.
2. दोन्ही नळ्या जवळ-लांब करत दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेपर्यंत आणा.
3. वीस-पंचवीस मीटरवरची पाटी निवडा. उजव्या नळीचं पुढचं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा.
4. आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा.
5. कडीवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. दुर्बीण दुसऱ्याने हाताळली की कडी पुन्हा तपासायची.

यानंतर खरा सराव. पक्षी दिसला की लोक मान खाली घालतात, दुर्बीण डोळ्यांना लावतात आणि मग दुर्बिणीतून आभाळभर शोधत बसतात. असं करू नका. नजर पक्ष्यावर खिळवून ठेवा, मान हलवू नका, आणि दुर्बीण वर आणून डोळ्यांना लावा. खिडकीतून दिसणाऱ्या विजेच्या खांबावर, समोरच्या गच्चीतल्या नळावर रोज दहा वेळा हे करा. चार दिवसांत हात बसतो.

तपासा: दुर्बीण लावल्यावर तीन सेकंदांच्या आत ठरवलेली वस्तू मध्यभागी येते का? येत नसेल तर सराव अजून हवा.

## ३. परसबाग किंवा गॅलरी तयार करा

शहरातल्या लोकांनी सुरुवात घरापासून करावी, असं आमचं ठाम मत आहे. रोज दिसणाऱ्या दहा पक्ष्यांची सवय झाल्याशिवाय अकरावा वेगळा आहे हे कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. मातीची उथळ परळ घ्या, ३० ते ४० सेंटिमीटर रुंद. पाणी कडेला एक इंच आणि मध्यभागी फार तर दोन इंच. आत दोन-तीन खडबडीत दगड असे ठेवा की त्यांची पाठ पाण्याबाहेर राहील. चिमणी आणि शिंजीर दगडावर बसून पितात, बुलबुल आणि साळुंकी सरळ आत उतरून आंघोळ करतात. स्टीलचं पातेलं किंवा प्लास्टिकचा डबा नको. कडा गुळगुळीत असल्याने नखं धरत नाहीत, लहान पक्षी आत घसरतो आणि बाहेर येऊ शकत नाही.

परळ सावलीत ठेवा. दाट झुडपाला चिकटून ठेवली तर मांजर दबा धरते, अगदी उघड्यावर ठेवली तर पक्षी बिचकतात. झुडपापासून दोन मीटर दूर आणि वर एखादी आडवी फांदी, ही जागा उत्तम. पाणी रोज बदला, एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा. बदलताना काथ्याने घासा, साबण लावू नका. पाणी तसंच राहिलं तर आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतील.

खाण्याचं मात्र हात राखून. मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी पुरे, आणि तीही संध्याकाळपर्यंत संपेल इतकीच. जास्त टाकलं की पारवे जमतात, चिमण्या मागे हटतात आणि रात्री उंदीर येतात. फरसाण, बिस्किटं, मीठ घातलेला भात अजिबात नको. पिकलेल्या पपईची फोड खिळ्याला टोचून ठेवली तर बुलबुल आणि तांबट दोघेही येतात. त्याहून चांगलं म्हणजे जास्वंद, हॅमेलिया, डाळिंब अशी झाडं कुंडीत का होईना लावा. शिंजीर त्यांच्यावर आपणहून येतो.

सावध: फेब्रुवारी ते जून कुंपण आणि झुडपं छाटू नका. शिंपी पक्षी दोन पानं शिवून आत घरटं करतो, राखी वटवट्याही तसाच. छाटणाऱ्याला ते घरटं जमिनीवर पडल्यावरच दिसतं.

याच काळात बुलबुल किंवा चिरक गाडीच्या आरशावर, काचेवर तासन्‌तास चोची मारतो. त्याला आत दुसरा नर दिसतो आणि तो स्वतःची हद्द राखत असतो. हाकलून उपयोग नाही. आरशावर कापडी पिशवी चढवा, खिडकीच्या काचेला बाहेरून कागद लावा. दोन-तीन आठवड्यांत आवेग ओसरतो.

## ४. उजाडण्याआधी पोहोचा आणि आधी ऐका

पुण्याच्या आसपास फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य साधारण सातला उगवतो, मार्चच्या मध्यावर पावणेसातच्या सुमारास, एप्रिलच्या मध्यावर सव्वासहाला. त्याआधी वीस मिनिटं जागेवर हजर राहा. साडेनऊनंतर ऊन चढतं, पक्षी सावलीत जातात. आठला घरातून निघणाऱ्यांच्या वाट्याला उरलेलं येतं.

पहिली पंधरा मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या. डोळे मिटून आवाज मोजा. वसंतात हे पाच आवाज पक्के झाले की निम्मं काम होतं:

- दयाळ: उजाडण्याआधी छपराच्या टोकावरून किंवा अँटेनावरून लांबलचक, सतत बदलणारी शीळ. सगळ्यांत आधी तोच सुरू होतो.
- कोकीळ: चढत जाणारं "कुऊ, कुऊ". गातो तो काळाभोर नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि ती "किक्-किक्-किक्" असं तीक्ष्ण ओरडते. "कोकिळा गाते" हे गाण्यात ठीक, नोंदवहीत नाही.
- भारद्वाज: खोल, घुमणारं "कूप-कूप-कूप". कोकिळाशी गल्लत इथेच होते. याचा सूर चढत नाही.
- तांबट: तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं एकसुरी "टुक-टुक-टुक", मिनिटाला शंभराच्या वर.
- पावशा: "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" म्हणत टिपेला जाणारा आवाज. मार्चपासून सुरू होतो आणि रात्रीही ऐकू येतो.

तांबट शोधताना बरेच जण फसतात, कारण आवाज जागा बदलतोय असं वाटतं. पक्षी जागेवरच असतो. तो प्रत्येक "टुक"बरोबर डोकं डावीकडे-उजवीकडे वळवतो, म्हणून आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो. झाडाचा सर्वांत उंच, वाळका शेंडा पाहा. तिथे चिमणीहून थोडा मोठा, ठेंगणा हिरवा गोळा असेल. दुर्बिणीतून पाहिलं तर चोच बंद आणि प्रत्येक ठोक्याला गळा फुगतोय असं दिसेल. कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याभोवती पिवळा रंग.

मोबाइलवर आवाज ओळखणारी मर्लिनसारखी अ‍ॅप उपयोगी आहेत, पण त्यांनी दिलेलं नाव हा अंदाज समजा. पक्षी पाहिल्याशिवाय ते नाव वहीत उतरवू नका.

## ५. झाडासमोर अर्धा तास हलू नका

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा चुकतो, म्हणून इथे थोडं थांबू.

माणूस झाडाजवळ पोहोचला की पक्षी उडतात. चालणारा माणूस म्हणतो, "गेले," आणि पुढच्या झाडाकडे निघतो. तिथेही तेच. अशा फेरीत दोन तासांत चार झाडं होतात आणि प्रत्येकावरची पहिली पाचच मिनिटं, म्हणजे पक्षी उडालेले असतात नेमकी तीच, पदरी पडतात. मधाचं झाड सोडून पक्षी फार लांब जात नाहीत. एखाद्या खोडाला किंवा बांधाला टेकून बसलात तर दहा-पंधरा मिनिटांत ते परततात. आधी धीट साळुंक्या आणि कोतवाल, मग बुलबुल, शेवटी लाजरे.

कपडे मळकट, मातकट किंवा हिरवट. पांढरा शर्ट आणि भडक टोपी घरी ठेवा. सोबत तिघांपेक्षा जास्त नकोत. बोलायचं झालं तर हळू, आणि बोट दाखवायचं नाही. त्याऐवजी झाड म्हणजे घड्याळाची तबकडी धरा: "दहा वाजता, दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात." हात उचलला की पक्षी उडतो, शब्दाने उडत नाही.

एकच फुलोरा निवडून पाहा. पांगाऱ्याच्या लाल तुऱ्यावर शिंजीर उलटा लटकून चोच आत घालतो, साळुंकी तोंड घुसवते आणि बाहेर येते तेव्हा तिच्या कपाळावर परागांची पिवळी धूळ असते. कोतवाल मधही पितो आणि मधासाठी आलेले किडेही टिपतो. थोड्या वेळाने कोण कोणाला हुसकावतं हे कळू लागतं. मग पुढच्या वेळी फांदी हलली की वर बघायच्या आधीच अंदाज येतो.

तपासा: अर्ध्या तासात किमान सहा जाती मोजल्या गेल्या का? नसतील तर फुलोरा संपत आला आहे, किंवा तुम्ही सूर्याकडे तोंड करून बसला आहात.

## ६. ओळख: रंग सर्वांत शेवटी

क्रम ठरवून घ्या आणि मोडू नका. आकारमान, ठेवण, चोच, शेपूट, वागणं, आणि मग रंग.

आकारमानासाठी तीन मापं पुरतात: चिमणी, साळुंकी, कावळा. "साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान" एवढं म्हटलं तरी निम्म्या शक्यता गळतात. रंगावर भरवसा का नाही, याचं उत्तम उदाहरण जांभळा शिंजीर. सावलीत तो कोळशासारखा काळा दिसतो, उन्हात वळला की निळा-जांभळा चमकतो. शिवाय विणीचा हंगाम नसतो तेव्हा नराचा रंगही मादीसारखा मळकट होतो आणि छातीवर फक्त एक काळी रेघ राहते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्धवट बदललेले नर दिसतात आणि लोक त्यांची वेगळीच जात ठरवतात.

नेहमी गल्लत होणाऱ्या जोड्या:

शिक्रा आणि पावशा. दोघेही राखाडी, पट्ट्यांच्या शेपटीचे, उडण्याची ढबही सारखी. दोघांनाही पाहून बुलबुल कलकलाट करतात, त्यामुळे तो पुरावा धरू नका. चोच पाहा: शिक्र्याची आकडेदार, शिकारी पक्ष्याची. पावशाची बारीक, किंचित वाकलेली, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. शिक्रा उंच पिवळ्या पायांवर ताठ बसतो. पावशा पुढे झुकलेला असतो आणि बसताच शेपूट इकडून तिकडे हलवतो. जवळ सातभाईंचा थवा असेल तर पावशाची शक्यता वाढते, कारण मादी अंडी त्यांच्याच घरट्यात घालते.

कोतवाल आणि कोकीळ नर. शेपूट दुभंगलेली तर कोतवाल. लांब, गोल टोकाची शेपूट, फिकट हिरवट चोच आणि लाल डोळा तर कोकीळ.

शिंपी आणि राखी वटवट्या. दोघांची शेपूट वर उचललेली. डोक्यावर तांबूस टोपी आणि पाठ हिरवट असेल तर शिंपी.

## ७. माळ आणि शेतातली फेरी

ज्वारीची काढणी होते तेव्हा भोरड्यांचे मोठे थवे शेतांवर असतात. गुलाबी अंग, काळं डोकं. हे पाहुणे एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परततात, म्हणून त्यांना मार्चमध्येच गाठा. धोबीही याच सुमारास निघून जातात. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा, आणि उभ्या पिकातून नाही, बांधावरूनच चाला.

माळावर चालण्याची रीत वेगळी. इथे झाड नसतं, त्यामुळे पन्नास पावलं चालायचं आणि पाच मिनिटं उभं राहून जमिनीवर नजर फिरवायची. डोंबारी, माळटिटवी, धाविक हे मातीच्या रंगाचे पक्षी हलले तरच दिसतात.

मार्चपासून टिटव्या उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मध्ये अंडी घालतात. टिटवी "टिटिव-टिटिव" करत डोक्यावर झेपावू लागली किंवा पुढे पुढे धावत तुम्हाला भुलवू लागली, तर घरटं जवळ आहे. अंडी शोधू नका. ती मुरमात इतकी मिसळतात की शोधताना पायाखालीच येतात. थांबा, आलेल्या पावलांवरच मागे फिरा. हे नुसतं सभ्यतेपुरतं नाही. दुपारच्या उन्हात अंडी उघडी राहिली तर आतली पिल्लं मरतात. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. तुम्ही जितका वेळ तिथे उभे, तितका वेळ तिचं हे काम बंद.

ओढ्याच्या काठी, मुरमाच्या खड्ड्यांच्या उभ्या कडांना वेड्या राघूंची बिळं असतात. कडेच्या वरच्या बाजूने चालू नका, माती ढासळते. समोरून, २० मीटरवरून पाहा.

## ८. घरटं सापडलं तर

- पाच मीटरच्या आत जाऊ नका. पक्षी चोचीत किडा घेऊन आजूबाजूला घुटमळतोय पण आत शिरत नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात.
- फांदी वाकवून फोटो नको, फ्लॅश नको. आडोशाची पानं काढली की कावळ्याला वाट मोकळी.
- मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून नराला बोलवू नका. विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो.
- घरट्याची जागा मोबाइलवरच्या गटांवर टाकू नका.
- अंडी उचलणं, घरटं मोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

जमिनीवर पिल्लू दिसलं की लोक घरी आणतात. अंगावर पिसं आणि आखूड शेपूट असेल तर ते उडायला शिकतंय आणि आई-बाप जवळच आहेत. त्याला जवळच्या फांदीवर ठेवून बाजूला व्हा. पिसं नसलेलं पिल्लू पडलं असेल आणि घरटं हाताला येत असेल तर परत आत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत.

एप्रिलपासून कावळा डोक्यावर टोच मारू लागला तर वर त्याचं घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत तिथून छत्री उघडून जा.

## ९. नोंद जागेवरच

घरी येऊन लिहायचं ठरवलं की संख्या गोल होतात आणि शंका खात्रीत बदलतात. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जागा, आभाळ, मग पक्षी आणि त्यांची संख्या. ओळखू न आलेल्या पक्ष्याचं चित्र काढा. चित्र वेडंवाकडं चालेल, पण चोच, शेपूट आणि पट्टे यांच्या जागा बरोबर हव्यात.

ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, यादी टाकत असाल तर दिसलेली प्रत्येक जात लिहा, कावळ्यासकट. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस होणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षिगणनेत घरच्या गॅलरीतली १५ मिनिटांची यादीही चालते. नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

भोरडी, धोबी, माळभिंगरी या हिवाळी पाहुण्यांसाठी वहीत वेगळं पान ठेवा आणि दर वेळी दिसल्यावर तारीख टाका. "शेवटची कधी दिसली" हे त्या दिवशी कधीच कळत नाही, म्हणून प्रत्येक तारीख लिहावी लागते. एप्रिल संपला की त्या पानावरची शेवटची ओळ पाहा.